‘रेस्ट’ : एका रूपाची दोन कुळे आणि आपला विसावा

अनुवादाच्या तासाला पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना मी एक साधा इंग्रजी उतारा दिला होता. रस्त्याच्या कामावरचे काही मजूर दुपारीच गावी परतले आणि ‘द रेस्ट’ संध्याकाळपर्यंत थांबले, असे एक वाक्य त्यात होते. एका विद्यार्थ्याने लिहिले, ‘विश्रांती मात्र संध्याकाळपर्यंत थांबली.’ वर्ग हसला. तो मुलगा मात्र वरमला नाही. त्याने विचारले, “मॅडम, दमल्यावर बसणे आणि मागे उरलेले लोक, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाला कसे?” तासाच्या गडबडीत मी त्याला ‘बाकीचे मजूर’ हा योग्य प्रतिशब्द सांगून मोकळी झाले, पण प्रश्न खरा होता आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

‘रेस्ट’ हा शब्द आता केवळ इंग्रजीचा राहिलेला नाही. डॉक्टर ‘बेडरेस्ट’ सांगतात, क्रिकेटच्या बातम्यांत गोलंदाजाला ‘रेस्ट’ दिली जाते, गावाबाहेर सरकारी ‘रेस्ट हाउस’ असते आणि प्रवासातून आलेल्या पाहुण्याला आपण ‘थोडी रेस्ट घ्या’ म्हणतो. मराठीने त्याला लिंगही देऊन टाकले आहे. बहुतेक लोक ‘रेस्ट घेतली’ म्हणतात, कारण मनात ‘विश्रांती’ हा स्त्रीलिंगी शब्द असतो. काहींच्या तोंडी ‘रेस्ट घेतला’ येते, तेव्हा मागे ‘आराम’ उभा असतो. परका शब्द घरात येतो तेव्हा ज्याची जागा तो घेतो त्याचेच लिंग बहुधा उचलतो. ‘रेस्ट हाउस’ नपुंसकलिंगी झाले तेही ‘घर’ आणि ‘गृह’ या शब्दांमुळे. म्हणून या पाहुण्याचे मूळ कोठले आणि त्याने आपल्याकडच्या कोणाकोणाला बाजूला सारले, हे पाहणे भाषा शिकणाऱ्याच्या आणि शिकवणाऱ्याच्या उपयोगाचे आहे.

दोन शब्द, एक रूप

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे : तो एक शब्द नाहीच. विश्रांती या अर्थाचा ‘रेस्ट’ आणि उरलेला भाग या अर्थाचा ‘रेस्ट’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. त्यांची घराणी वेगळी, इंग्रजीत येण्याचा काळ वेगळा आणि वाटही वेगळी. उच्चार व लेखन सारखे झाल्यामुळे ते एक वाटतात, इतकेच. मराठीत झाडाचे ‘पान’ आणि मद्यपानातले ‘पान’ यांचे रूप एक. पण पहिले ‘पर्ण’ या शब्दापासून आले आणि दुसरे ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासून. तसाच हा प्रकार आहे.

पहिला ‘रेस्ट’ इंग्रजीचा जन्मजात आहे. अकराव्या शतकातील नॉर्मन विजयाच्या आधीची जी जुनी इंग्रजी, तिच्यात तो आढळतो. जर्मन, डच, स्वीडिश ही तिची भावंडे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ केवळ थकवा घालवणे एवढा नव्हता. निजण्याची जागा म्हणजे अंथरूण, आणि अखेरची निजण्याची जागा म्हणजे थडगे, हेही अर्थ त्याला होते.

दुसरा ‘रेस्ट’ फ्रेंचमार्गे आला. त्याचे मूळ लॅटिन ‘रेस्तारे’. ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे. सगळे निघून गेल्यावर जो मागे उभा राहतो तो ‘रेस्ट’. लॅटिन ‘स्तारे’ आणि संस्कृत ‘स्था’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळापासून निघालेले धातू आहेत. म्हणजे आपल्या ‘स्थान’, ‘स्थिती’, ‘संस्था’ या शब्दांचे दूरचे नाते उरलेल्या मजुरांच्या ‘रेस्ट’शी आहे, दमून बसलेल्यांच्या ‘रेस्ट’शी नाही.

या दोहोंतला फरक इंग्रजीने पुसून टाकला असला तरी शेजारच्या भाषांनी तो जपला आहे. जर्मनमध्ये प्रवासातली विश्रांती म्हणजे ‘रास्ट’ आणि उरलेले ते ‘रेस्ट’. एका स्वराने घराणी वेगळी राहिली. पोर्तुगीजमध्ये उरलेले ते ‘रेस्तो’ आणि विश्रांती म्हणजे ‘देश्कांसो’, म्हणजे गोंधळाला जागाच नाही. आपल्याकडेही ‘बाकी’ आणि ‘विश्रांती’ यांत कोणी घोटाळा करीत नाही.

रस्त्याचे माप

आता पहिल्या ‘रेस्ट’कडे थोडे खोलात पाहू, कारण त्याच्या पोटात एक अनपेक्षित अर्थ दडलेला आहे. चौथ्या शतकात वुल्फिला या धर्मगुरूने बायबलचा गॉथिक भाषेत अनुवाद केला. जर्मन कुळातील भाषांचा हा फार जुना मोठा ग्रंथ. त्यात ‘रास्ता’ हा शब्द येतो आणि तो ‘मैल’ या अर्थाने येतो. प्राचीन नॉर्स भाषेतही याच कुळातला शब्द अंतर मोजण्यासाठी वापरत. जुन्या जर्मनमध्ये विश्रांती आणि अंतर असे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात.

विश्रांती आणि मैल यांचा संबंध काय? पायी चालणाऱ्याला विचारले की तो लगेच कळतो. एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत जेवढे चालून होते तेवढे अंतर म्हणजे एक ‘रास्ता’. रस्ता मैलाच्या दगडांनी मोजण्याआधी माणसाने तो आपल्या दमाने मोजला. पाय थकले, बसलो, उठलो : एक माप झाले.

हे समजायला आपल्याला युरोपात जाण्याची गरज नाही. ‘मजल’ हा आपला शब्द घ्या. तो अरबी ‘मंझिल’पासून फार्सीमार्गे आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ उतरण्याची जागा, म्हणजे जिथे वाटसरू उंटावरून खाली उतरतो तो मुक्काम. मराठीत आल्यावर मजल म्हणजे एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतचे अंतर झाले. ‘मजल दरमजल करीत’ सैन्य निघाले असे आपण बखरीच्या थाटात म्हणतो तेव्हा विश्रांतीच्या जागांनीच वाट मोजत असतो. संस्कृत ‘योजन’ हा शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे या धातूपासून आलेला आहे. एकदा जुंपलेली जनावरे न सोडता जेवढे अंतर जातात ते योजन. ‘कोस’ हा संस्कृत ‘क्रोश’पासून आला, त्याचा मूळ अर्थ हाक. हाक ऐकू जाईल ते अंतर. गॉथिक वाटसरू, अरब व्यापारी आणि आपला गाडीवान यांची गाठ कधी पडली नसेल. पण तिघांनीही जमीन शरीरानेच मोजली.

पंढरीच्या वाटेवर ही भाषा अजून जिवंत आहे. पालखी रात्री थांबते तो मुक्काम आणि दिवसा वाटेत टेकते तो विसावा. वारकऱ्याला आजची चाल किती किलोमीटरांची हे ठाऊक नसले तरी पुढचा विसावा कुठे आहे हे नेमके ठाऊक असते.

जुन्या इंग्रजी ‘रेस्ट’मधला थडग्याचा अर्थही आपल्याला परका नाही. अंत्ययात्रेत वाटेत तिरडी क्षणभर खाली ठेवतात, खांदेकरी जागा बदलतात. त्या जागेला आपण विसावाच म्हणतो. आजकाल निधनाच्या बातमीखाली ‘आरआयपी’ ही तीन अक्षरे सर्रास लिहिली जातात. ‘रेस्ट इन पीस’ या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे, असे बहुतेकांना वाटते. मूळ प्रार्थना लॅटिन आहे : ‘रेक्विएस्कात इन पाचे’. तिची आद्याक्षरेही तीच येतात आणि इंग्रजी भाषांतरातही योगायोगाने तीच टिकली. लॅटिन ‘रेक्विएस्कात’ या शब्दाचे मूळ ‘क्विएस’, म्हणजे शांतता, निवांतपणा. म्हणजे येथे ‘र’ सारखा असला तरी मूळ शब्द तिसराच आहे.

दुसऱ्या घराण्याचा गोतावळा

उरलेल्या ‘रेस्ट’चे घराणे मोठे आहे. ‘अरेस्ट’ हा शब्द त्याच लॅटिन मुळाचा. त्याचा आधीचा अर्थ थांबवणे. पोलिसांनी पकडणे हा नंतरचा. ‘कार्डिॲक अरेस्ट’ या संज्ञेत तो जुना अर्थ शाबूत आहे, कारण तिथे कोणी कोणाला पकडत नाही, हृदय थांबते.

‘रेस्टिव्ह’ या विशेषणाची गोष्ट अधिक मजेची आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जागचा न हलणारा. अडेल घोड्याला ते विशेषण लावत. पुढे जाईना म्हणून घोडा अडेल. अडेल म्हणून मालकाशी झटापट करणारा, लाथा झाडणारा. आणि झटापट करणारा म्हणजे अस्वस्थ. अशा पायऱ्यांनी ‘जागचा न हलणारा’ हा शब्द आज ‘एका जागी स्वस्थ न बसणारा’ या अर्थाने वापरला जातो. अर्थ उलटा झाला, पण प्रत्येक पायरी तर्काला धरून होती.

दोन शब्द शेकडो वर्षे एका रूपात वावरले की त्यांचे अर्थ एकमेकांत झिरपतात. ‘रेस्ट अशुअर्ड’ या वाक्प्रयोगाचा अर्थ विद्यार्थी ‘खात्रीने विश्रांती घ्या’ असा लावतात. येथे ‘रेस्ट’ म्हणजे राहणे. तो दुसऱ्या घराण्याचा. ‘निश्चिंत राहा’ हा त्याचा सरळ मराठी अर्थ. निर्णय तुमच्यावर ‘रेस्ट’ करतो, म्हणजे तो तुमच्या हाती राहतो, तेथेही तेच. इंग्रजी बोलणाऱ्यालाही या ठिकाणी आपण कोणता शब्द वापरतो आहोत याची जाणीव नसते.

नात्याचा आभास

शब्दांच्या मुळांचा शोध घेताना सर्वांत मोठा धोका ध्वनिसाम्याचा. गॉथिक ‘रास्ता’ वाचल्याबरोबर आपल्या मनात ‘रस्ता’ येतो, आणि अर्थही वाटेचाच. पण आपला ‘रस्ता’ फार्सीतून आलेला आहे. गॉथिकशी त्याचे नाते नाही. ‘रेस्टॉरंट’ म्हणजे रेस्ट घेत खाण्याची जागा, असेही वर्गात कोणीतरी सांगतेच. तो शब्द फ्रेंच ‘रेस्तोरे’ म्हणजे पूर्ववत करणे, शक्ती भरून आणणे या क्रियापदाचा. अशक्त माणसाला तरतरी आणणाऱ्या कढणाला पॅरिसमध्ये ‘रेस्तोराँ’ म्हणत. अठराव्या शतकात ते कढण विकणाऱ्या जागेलाच ते नाव पडले. मूळ पदार्थाचे नाव दुकानाला चिकटले.

तिसरा मोह संस्कृतचा. ‘रम्’ धातूचा अर्थ रमणे असा आपण शिकतो. पण त्याचा अधिक जुना अर्थ थांबणे, शांत होणे असा आहे. ‘विराम’, ‘विरमणे’, ‘उपरम’ या शब्दांत तो दिसतो. मग ‘रेस्ट’ हा ‘रम्’पासून आला, असे कोणी ठोकून देतो. तसे म्हणता येत नाही. ‘रम्’ची खरी भावंडे वेगळी आहेत. गॉथिकमध्ये ‘रिमिस’ म्हणजे शांतता आणि लिथुआनियनमध्ये ‘रिम्ती’ म्हणजे शांत होणे, हे त्याच्या कुळातले शब्द. ध्वनी जुळला म्हणजे नाते जुळले असे नाही. दोन भाषांत ध्वनी नियमाने बदलतात का, आणि तोच बदल इतर शब्दांतही दिसतो का, हे पाहिल्यावाचून व्युत्पत्ती सांगू नये, एवढे पथ्य विद्यार्थ्याने पाळले तरी पुष्कळ झाले.

आपल्या शब्दांची घडण

आता ‘रेस्ट’ने ज्यांना बाजूला सारले त्या शब्दांकडे येऊ.

‘विश्रांती’ हा शब्द ‘श्रम्’ म्हणजे थकणे, कष्ट करणे या धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागून झाला आहे. ‘वि’ येथे दूर होणे सुचवतो. श्रम उतरले की विश्रांती. म्हणजे या शब्दात कष्ट गृहीत आहेत. ज्याने श्रम केले नाहीत त्याला आळस करता येईल. विश्रांती घेता येणार नाही. गंमत अशी की गोव्यातील वाचकांना परिचित असलेल्या पोर्तुगीज ‘देश्कांसो’ची घडण अगदी हीच आहे. ‘कांसार’ म्हणजे थकणे, थकवणे, आणि ‘देश’ हा तो काढून टाकणारा उपसर्ग. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच कल्पना एकाच पद्धतीने घडवली.

‘विसावा’ हा त्याच घरातला, पण बोलीच्या अंगणात वाढलेला. संस्कृत ‘विश्राम’, प्राकृत ‘विस्साम’ आणि मराठी ‘विसावा’. ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ झाले त्याच नियमाने येथे ‘म’चा ‘व’ झाला. वडोदऱ्याच्या वाचकांना माहीत आहे की गुजरातीत हाच शब्द ‘विसामो’ असा आहे. तेथे ‘म’ टिकला. तत्सम ‘विश्राम’ मात्र आपल्याकडे शाळेच्या पटांगणात जाऊन उभा राहिला. ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ या आज्ञा आपण सर्वांनी पाळल्या आहेत. इंग्रजी कवायतीतल्या त्या आज्ञेत ‘रेस्ट’ हा शब्द नाही. तिचा अर्थ सैल उभे राहा एवढाच. उन्हात पाय फाकवून, हात मागे बांधून उभे राहणे म्हणजे विश्राम, हे लहानपणी आमच्यापैकी एकालाही पटले नव्हते.

‘आराम’ची कथा दुहेरी आहे. संस्कृतात ‘आराम’ म्हणजे आनंद, तसेच बाग, उपवन. बौद्धांच्या ‘संघाराम’ या शब्दात तो आहे. आपण रोज वापरतो तो ‘आराम’ मात्र फार्सीतून आला. तेथे त्याचा अर्थ शांतता, स्वस्थता. दोन्ही ‘रम्’च्या जुन्या इंडो-इराणी कुळातले, म्हणजे दुरावलेली भावंडे. ‘रेस्ट’च्या बाबतीत एक रूप असून कुळे दोन, ‘आराम’च्या बाबतीत कूळ एक, पण येण्याच्या वाटा दोन. ‘विश्रांती’त श्रम गृहीत आहेत, तसे ‘आराम’मध्ये नाहीत. म्हणून ‘आरामखुर्ची’, ‘आरामबस’, आणि एसटीच्या हिशेबी वृत्तीला शोभणारी ‘निमआराम’ हे शब्द होऊ शकले. आजाऱ्याला ‘आराम पडला’ म्हणतो तेव्हा दुखणे निवळल्याचे सांगतो. आमच्या बेळगाव भागात आणि एकूण उत्तर कर्नाटकात कन्नड माणूस भेटला की ‘आराम इद्दीरा?’ असे विचारतो, म्हणजे बरे आहात ना? एका फार्सी शब्दाने दोन भाषांत कुशल विचारण्याचे काम पत्करले.

गोव्याच्या ‘सुशेगाद’चा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पोर्तुगीज ‘सोसेगादो’चे हे कोंकणी रूप. त्याचा अर्थ शांत, निश्चिंत. व्युत्पत्तिकार त्याचे मूळ बसणे या अर्थाच्या लॅटिन धातूपर्यंत नेतात. तो धातू आणि संस्कृत ‘सद्’ एकाच मुळाचे. त्या हिशेबाने ‘सुशेगाद’ हा ‘सदन’, ‘परिषद’ आणि ‘संसद’ यांचा लांबचा आप्त ठरतो. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याला आळसाचे नाव करून टाकले आहे. पहाटे शेतात किंवा होडीवर गेलेला माणूस दुपारी जेवून निवांत बसला तर तो आळशी नव्हे. शब्दाचा अर्थ बिघडला की माणसांविषयीचे मतही बिघडते, याचे हे जवळचे उदाहरण.

विश्रांती आणि परवानगी

विश्रांतीच्या शेजारी आणखी दोन शब्द राहतात. इंग्रजी ‘लीव्ह’ आणि आपली ‘रजा’. ‘लीव्ह’चा मूळ अर्थ परवानगी. ‘रजा’ हा अरबी ‘रिझा’पासून फार्सीमार्गे आलेला शब्द, त्याचा मूळ अर्थ संमती, मर्जी. दोन्ही शब्द सांगतात की कामावरून दूर जाणे हे वरिष्ठांच्या मर्जीवर आहे. ‘सुटी’ हा ‘सुटणे’ या क्रियापदाचा शब्द असल्याने त्यात मोकळेपणा आहे. ‘रजे’त अर्ज आहे. ‘विश्रांती’ आणि ‘विसावा’ यांत मात्र दुसऱ्याची मर्जी कुठेच नाही. तेथे फक्त श्रमलेले शरीर आहे.

विश्रांती ही मर्जीची बाब नसून हक्काची आहे, हे कायद्यात यायला मोठा लढा द्यावा लागला. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने बालकामगारांना महिन्यातून चार सुट्या दिल्या. प्रौढांसाठी तशी तरतूद नव्हती. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी चिकाटीने चळवळ चालवली आणि 10 जून 1890 रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. 1948 च्या कारखाना अधिनियमाने विश्रांतीला मोजमाप दिले : सलग पाच तासांहून अधिक काम नाही, आणि मध्ये किमान अर्ध्या तासाचे विश्रांतीचे मध्यंतर. गॉथिक वाटसरूने विश्रांतीने अंतर मोजले. कायद्याने विश्रांतीच मोजून दिली. पण हे माप कारखान्याच्या दारापाशी थांबते. घरात कामाचे तास नाहीत, म्हणून मध्यंतरही नाही.

एक चिठ्ठी

हे सगळे मला सुचले ते एका घरगुती प्रसंगामुळे. काही वर्षांपूर्वी आईचे पोटाचे ऑपरेशन झाले. घरी पाठवताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांखाली लिहिले, ‘रेस्ट, सहा आठवडे’, आणि तोंडानेही तेच सांगितले. आईने मान डोलावली. मला परगावी परीक्षेच्या कामासाठी जायचे होते, मी गेले. आठ-दहा दिवसांनी परत आले तेव्हा टाके ओढले जाऊन तिला ताप चढला होता. पुन्हा दवाखाना गाठला.

“तुम्हाला रेस्ट सांगितली होती ना?” डॉक्टरांनी विचारले.

“घेतली की,” आई म्हणाली. “उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. बाजार बंद, देऊळ बंद. घरातच होते.”

घरातच होती, म्हणजे पहाटे नळाला पाणी आले की कळशा भरत होती, भाकऱ्या थापत होती, वाकून फरशी पुसत होती. तिच्या दृष्टीने ते काम नव्हतेच. डॉक्टरांनी कोणतीही कसूर केली नव्हती. त्यांनी आपल्या शब्दाने पूर्ण सूचना दिली होती. आईनेही ती आपल्या समजुतीने पूर्ण पाळली होती. शब्द दोघांमधून निसटला होता. भाषेची प्राध्यापक असलेली मी तेथे उभी होते आणि तो शब्द उलगडून सांगण्याचे मलाही सुचले नव्हते, ही खंत अजून आहे.

त्या दिवशी तिथल्या वयस्क परिचारिकेने आईजवळ बसून सांगितले, “मावशी, आडवं पडायचं. कळशी उचलायची नाही. वाकायचं नाही. भाकरी दुसऱ्या कुणी करायची. उठून बसलात तरी पाठ टेकूनच.” आईला सगळे कळले. तिने एकच शंका विचारली, “आणि घरचे काय म्हणतील?” ‘रेस्ट’ तिला समजली होती; ‘रजा’ मिळाली नव्हती. ती देणे आमचे काम होते.

शब्दांची उतरंड

परिचारिकेने कोणताही मोठा शब्द वापरला नाही. तिने मराठीकडे असलेली श्रेणी वापरली. आपल्या भाषेत थांबण्याच्या किती पायऱ्या आहेत पाहा. चालता चालता आपण दम घेतो. ओझे खाली ठेवून टेकतो. सावली मिळाली की विसावतो. जेवणानंतर लवंडतो, कलंडतो, पाठ टेकतो. डाव्या कुशीवर घटकाभर पडलो तर ती वामकुक्षी. बसल्या जागी मान कलली तर डुलकी, आपसूक झोप आली तर डोळा लागला. फार थकलो तर अंग टाकतो. काम संपत नसेल तर उसंत नाही म्हणतो, वेळच नसेल तर सवड नाही म्हणतो. यांतला प्रत्येक शब्द शरीराची वेगळी अवस्था आणि वेगळा अवधी सांगतो. ‘जरा टेका’ म्हणणे आणि ‘अंग टाका’ म्हणणे यांत कोणाची गफलत होत नाही. ‘रेस्ट’ या एका शब्दात हे सगळे मावते, म्हणूनच त्यातून नेमके काहीच कळत नाही.

परक्या शब्दांवर माझा राग नाही. ‘मजल’, ‘मुक्काम’, ‘आराम’, ‘रजा’, ‘बाकी’ हे सारे बाहेरून आले आणि त्यांनी आपली भाषा समृद्ध केली, कारण ते आले तेव्हा ‘विसावा’ गेला नाही; त्याच्या शेजारी बसले. ‘रेस्ट’नेही तसे बसावे. रेस्ट हाउस खुशाल रेस्ट हाउस राहो. चिंता आहे ती पंगतीतल्या इतरांना उठवून एकानेच सगळी जागा अडवण्याची.

अध्यापकांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. अनुवादाच्या वर्गात ‘रेस्ट’ आला की तो कोणत्या घराण्याचा, हे आधी विद्यार्थ्यांकडून ठरवून घ्यावे. मग विश्रांतीचा असेल तर कोणत्या पायरीचा, हे विचारावे. दुसरे, विद्यार्थ्यांना आपापल्या घरी थांबण्याचे, टेकण्याचे, निजण्याचे किती शब्द आजी-आजोबांच्या तोंडी आहेत ते टिपून आणायला सांगावे. इंदूरच्या घरातली यादी बेळगावच्या यादीसारखी असणार नाही, हैदराबादची आणखी वेगळी असेल. त्या याद्यांचा उपयोग कोशाला होईल, लेखकाला होईल आणि कदाचित एखाद्या दवाखान्यालाही होईल.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला हे सगळे सांगितले. त्याने आपले वाक्य सुधारले : ‘बाकीचे मजूर मात्र संध्याकाळपर्यंत थांबले.’ मग वही मिटून म्हणाला, “म्हणजे मॅडम, त्या बाकीच्यांना रेस्ट मिळालीच नाही.” या वेळी वर्ग हसला नाही.